इतिहासाची पदवी: हप्ता किती, पगार किती

बारावीनंतर घरातल्या मुलाने किंवा मुलीने ‘मी इतिहास घेणार’ असं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: घेऊन करणार काय? ज्या राज्यात चौथीच्या पुस्तकातल्या एका ओळीवरून विधानसभा बंद पडू शकते, तिथे इतिहास शिकायला निघालेल्या पोराकडे मात्र सगळं घर काळजीने बघतं. ही काळजी खोटी नाही. पण त्या प्रश्नाला दोन बाजू आहेत आणि घराघरांत फक्त एकीची चर्चा होते. पुढे पगार किती मिळणार, ही एक बाजू. त्या पगारापर्यंत पोचायला किती पैसे आणि किती वर्षं घालायची, ही दुसरी. अनुदानित महाविद्यालयात वर्षाला काही हजार भरून मिळवलेली इतिहासाची पदवी आणि चाळीस लाखांचं कर्ज काढून परदेशातून आणलेली इतिहासाची पदवी, दोन्हींवर विषयाचं नाव एकच असतं. हिशेब मात्र वेगवेगळ्या वहीत मांडावे लागतात.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत अमेरिका आणि इंग्लंडमध्ये या हिशेबाची भरपूर आकडेवारी बाहेर आली. तिचे तुकडे आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. कधी ‘कलाशाखा निरुपयोगी’ हे सांगायला, कधी ‘इतिहासवालेच शेवटी पुढे जातात’ हे सांगायला. त्यातलं आपल्या उपयोगाचं किती आणि आपली गणितं कुठे वेगळी आहेत, ते पाहायला हवं. माझं मत आधीच सांगतो: इतिहास हा विषय महाग नाही. महाग पडतो तो त्याच्या आगेमागे घेतलेला एखादा निर्णय.

अमेरिकेत या वादाला धार आली ती २००८ च्या मंदीनंतर. इतिहासात पदवी घेणाऱ्यांची संख्या त्या वर्षी ३४ हजारांच्या वर होती, ती २०१७ पर्यंत २४ हजारांच्या आसपास उतरली. एवढी घसरण दुसऱ्या क्वचितच विषयाची झाली. मंदीत आईबापांची नोकरी गेलेली पाहिलेल्या पिढीने ‘पगाराचे’ विषय निवडले. २०१४ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या एका कारखान्यात बोलताना राष्ट्राध्यक्ष ओबामांनी कलेच्या इतिहासाच्या पदवीपेक्षा कुशल कारागिरीत जास्त कमाई होऊ शकते, असं सहज म्हटलं. मग कलेतिहासाच्या एका प्राध्यापिकेच्या निषेधाला उत्तर म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने माफीची चिठ्ठी लिहिली. माफी मागितली म्हणून आकडे काही बदलले नाहीत. पुढच्याच वर्षी त्यांच्या सरकारने ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ हे संकेतस्थळ नव्या रूपात उघडलं आणि २०१९ पासून तिथे विद्यापीठ आणि विषय अशा जोडीने कमाई आणि कर्ज पाहता येऊ लागलं. एखाद्या विद्यापीठातून इतिहास शिकलेल्यांचा मध्यम पगार किती, त्यांच्या डोक्यावर कर्ज किती, हे घरबसल्या दिसतं.

त्या आकड्यांतून काय दिसतं? पहिली नोकरी कमी पगाराची मिळते, हे निर्विवाद. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत इतिहासाचे जवळपास निम्मे ताजे पदवीधर पदवीची गरजच नसलेल्या नोकऱ्यांत आढळतात. हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ डेव्हिड डेमिंग यांनी मात्र याच प्रश्नाला वयाची मोजपट्टी लावली. २३ ते २५ वयाच्या पुरुषांत संगणक आणि अभियांत्रिकीवाले वर्षाला सुमारे ६२ हजार डॉलर कमावत होते, इतिहास आणि सामाजिक शास्त्रांचे पदवीधर ४५ हजार. चाळिशीत चित्र उलटं: पहिले १ लाख २४ हजारांवर, दुसरे १ लाख ३१ हजारांवर. कारण साधं. तांत्रिक कौशल्य लवकर शिळं होतं आणि कंपनीला नव्या तंत्राची तरुण मुलं मिळतात. वाचन, लेखन, पुरावा तपासणं ही कौशल्यं सावकाश पिकतात.

हाच तो आकडा, ज्यावर कलाशाखेचे वकील खूश असतात. मला त्याच्यावर एवढा भरवसा ठेवावासा वाटत नाही. एक तर ती सरासरी आहे, आणि वकिली किंवा व्यवस्थापनात गेलेल्या थोड्या लोकांचे मोठे पगार सरासरीला वर ओढतात. त्यातले बरेच जण इतिहासानंतर कायदा किंवा एमबीए करून, म्हणजे आणखी कर्ज काढून, तिथे पोचलेले. दुसरं, त्या गटात इतिहासाबरोबर सगळी सामाजिक शास्त्रं आहेत आणि अर्थशास्त्रही त्यातच मोडतं. इतिहासाच्या पदवीधराला अर्थशास्त्राच्या पगारात लपवून सोडायचं आणि मग ‘बघा, इतिहासवाले पुढे गेले’ म्हणायचं, हे काही खरं नाही.

उलट बाजूचा युक्तिवादही तितकाच तपासायला हवा. ‘इतिहासाने पगार कमी होतो’ म्हणताना, मुळात कोण इतिहास घेतं हे विसरलं जातं. ज्याला पैशाची फार ओढ नाही तो तिकडे वळला, तर त्याचा कमी पगार विषयामुळे की त्याच्या स्वभावामुळे? या गाठीची चांगली उकल झॅकरी ब्लीमर आणि आशिष मेहता यांच्या अभ्यासाने केली. कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या विद्यापीठात अर्थशास्त्राला प्रवेशासाठी गुणांची एक रेघ होती. रेघेच्या अगदी थोडे वर आणि थोडे खाली असलेले विद्यार्थी सारखेच होते, फरक फक्त एवढा की वरच्यांना अर्थशास्त्र मिळालं आणि खालच्यांना बहुधा दुसरं सामाजिक शास्त्र घ्यावं लागलं. वरच्यांची सुरुवातीची कमाई वर्षाला सुमारे २२ हजार डॉलरनी जास्त निघाली. म्हणजे विषयाने फरक पडतो, तो केवळ माणसाचा नसतो. इतिहासाच्या चाहत्यांनी हे कडू आहे म्हणून टाळू नये.

अमेरिकी सरकारने आता यावर कायद्याची मोहोर उठवली आहे. जुलै २०२५ च्या मोठ्या अर्थविषयक कायद्यात तरतूद आहे की एखाद्या पदवी अभ्यासक्रमाचे विद्यार्थी चार वर्षांनंतरही फक्त शाळा संपवलेल्यांपेक्षा कमी कमावत असतील, आणि हे तीनपैकी दोन वर्षं दिसलं, तर त्या अभ्यासक्रमासाठी सरकारी कर्ज बंद. पदव्युत्तर कर्जालाही १ जुलै २०२६ पासून मर्यादा: वर्षाला २०,५०० डॉलर आणि एकूण एक लाख. इतिहासाचे चांगले विभाग या चाळणीतून सहज पार पडतील असं वाटतं. चाप बसेल तो वारेमाप फी घेऊन इतिहासाची एम.ए. विकणाऱ्यांना, आणि त्याबद्दल अश्रू ढाळण्याचं कारण नाही.

इंग्लंडची गोष्ट वेगळी आहे. १९९८ मध्ये तिथे पहिल्यांदा वर्षाला १,००० पौंड फी आली. २०१२ मध्ये ती ९,००० झाली आणि २०२५-२६ साठी ९,५३५ ठरली. ‘इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज’ने २०२० मध्ये करखात्याच्या नोंदींवरून काढलेल्या हिशेबात, पाचातल्या एका पदवीधराला आयुष्यभराच्या कमाईत पदवीचा फायदा होत नाही, असं दिसलं. सर्जनशील कलांचा परतावा सरासरीने शून्याच्या आसपास किंवा उणे, वैद्यक आणि अर्थशास्त्राचा लाखो पौंडांत, आणि बाकीचे विषय या दोन टोकांच्या मधे. असे आकडे येऊ लागले तसे काही विद्यापीठांनी विभागच गुंडाळले. संडरलंड विद्यापीठाने २०२० मध्ये इतिहास, राज्यशास्त्र आणि भाषा बंद करायचं ठरवलं. संडरलंड हे कोळसा आणि जहाजबांधणी बुडालेलं शहर. तिथल्या कामगारांच्या मुलांना इतिहास घराजवळ मिळत होता, तो गेला. ऑक्सफर्डचा इतिहास विभाग बंद होण्याची चर्चा कोणी करत नाही. कमाईच्या तराजूत विषय तोलायला लागलं की विषय संपत नाही, तो गरिबांच्या आवाक्यातून उठतो, एवढं यातून आपण लक्षात ठेवायला हवं.

पण इंग्लंडच्या बातम्या वाचताना मराठी पालकाची एक मोठी गफलत होते. तिथला विद्यार्थी ज्याला कर्ज म्हणतो ते आपल्या बँकेचं कर्ज नव्हेच. २०२३ नंतर प्रवेश घेतलेल्या तिथल्या विद्यार्थ्याला वर्षाला २५,००० पौंडांच्या वर जेवढी कमाई होईल, तिच्या ९ टक्के भरायचे. पगार ३०,००० असेल तर वरच्या ५,००० वर ४५० पौंड, तेही वर्षाला. नोकरी गेली तर हप्ता थांबतो. चाळीस वर्षांत फिटलं नाही तर उरलेलं माफ. हा नावाला कर्ज असलेला कर आहे. म्हणून तिथला प्राध्यापक बिनधास्त सांगू शकतो, ‘आवडतं ते शिक, कर्जाची काळजी करू नकोस.’ तो सल्ला त्याच्या देशातल्या मुलांसाठी बरोबर आहे. नाशिकहून एम.ए. करायला गेलेल्या मुलीला ते कर्ज मिळतच नाही. तिचं कर्ज इथल्या बँकेचं किंवा वित्तसंस्थेचं, आणि त्याला पगाराशी देणंघेणं नाही.

तिचा हिशेब मांडून पाहू. इंग्लंडमधली एक वर्षाची इतिहासाची एम.ए., फी आणि राहणं धरून, तीस-चाळीस लाखांत जाते. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, त्यापुढे सरकारी बँक सहसा घर किंवा जमीन मागते. चाळीस लाख, ११ टक्के व्याज, दहा वर्षं धरली तर महिन्याचा हप्ता सुमारे ५५ हजार. अभ्यासक्रमाचं वर्ष आणि नंतरचं सवलतीचं वर्ष, एवढ्या काळात साधारण आठ-नऊ लाख व्याज साचतं ते वेगळंच. आता दुसरा आकडा त्याशेजारी ठेवा. सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचा मूळ पगार ५७,७०० रुपयांपासून सुरू होतो. म्हणजे परत येऊन तिला पक्की नोकरी लागली, जे मुळात अवघड, तरी मूळ पगार जवळजवळ सगळा हप्त्यात. ‘तिकडेच नोकरी करीन’ हा दुसरा भरवसा. तिथे कुशल कामगाराच्या व्हिसासाठी पगाराची सर्वसाधारण अट जुलै २०२५ पासून ४१,७०० पौंड झाली, नवख्यांना थोडी सूट असली तरी इतिहासातली सुरुवातीची नोकरी तिथवर पोचणं कठीण. शिक्षणानंतर राहण्याची दोन वर्षांची मुदत २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी दीड वर्षावर येते आहे. अमेरिकेत विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांना शिक्षणानंतर एक वर्ष आणि वर आणखी दोन वर्षं काम करता येतं, इतिहासवाल्याला फक्त एक. आपल्या ओळखीच्या अभियंत्याने कर्ज फेडलं म्हणून आपणही फेडू, या विश्वासावर जी इतिहासाची मुलं विमानात बसतात, त्यांच्या विश्वासाला व्हिसाच्या नियमातच आधार नाही.

या सगळ्यात एक सरळ वाट मात्र आहे. अमेरिकेतल्या चांगल्या विद्यापीठांत इतिहासाच्या पीएच.डी.ला फी माफ आणि वर विद्यावेतन असतं. प्रवेश अवघड, पण पैसे त्यांचे. तिथेही पुढे प्राध्यापकीच्या जागा २००८ नंतर बाहेर पडणाऱ्या पीएच.डी.धारकांपेक्षा बऱ्याच कमी राहिल्या आहेत, तरी निदान डोक्यावर कर्ज नसतं. इतिहासासाठी परदेशी जायचं असेल तर दुसऱ्याच्या पैशाने, हा नियम मी बिनतक्रार मान्य करतो.

दुसऱ्याच्या पैशाने गेलेला आपल्या सर्वांच्या परिचयाचा विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं, अशी शिष्यवृत्ती दिली आणि ते कोलंबिया विद्यापीठात गेले. बदल्यात दहा वर्षं बडोदे संस्थानात नोकरीची अट होती. कोलंबियात त्यांनी अर्थशास्त्राबरोबर इतिहासही घेतला आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि अर्थव्यवहारावर प्रबंध लिहिला. आता २०२२ मधली केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीची नियमावली पाहा. ही योजना अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर यांच्या मुलांसाठीची. तिच्यातून भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचं सामाजिक संशोधन हे विषय वगळण्यात आले. कारण सांगितलं गेलं की हे विषय इथेच चांगले शिकता येतात. म्हणजे परदेशी ग्रंथालयांत पडलेल्या आपल्या कागदांवर काम करायचं असेल तर ज्याच्या घरी पैसा आहे त्यानेच करावं. ज्या कर्जाचं गणित वर मांडलं, त्या कर्जाकडे सरकारने सर्वांत गरीब विद्यार्थ्याला ढकललं.

देशातल्या कर्जयोजनाही इतिहासाच्या बाबतीत अशाच हात आखडणाऱ्या. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांना शिक्षणकर्जाचं सवलतीच्या काळातलं व्याज माफ करणारी केंद्राची जुनी योजना तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, बी.ए. इतिहास तिच्यात बसत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मीने विषयाची अट काढली, संस्थांची यादी आणली: सुरुवातीला ८६० दर्जेदार संस्था. तालुक्याच्या महाविद्यालयाचं नाव त्यात शोधू नये. खरं तर बँकेच्या या सगळ्या खटाटोपाची गरज महाराष्ट्रातल्या इतिहासाच्या बहुसंख्य विद्यार्थ्यांना पडतच नाही. देशभरात पदवीला असलेल्या विद्यार्थ्यांपैकी साधारण एक तृतीयांश बी.ए. करतात, आणि त्याचं एक मोठं कारण फी परवडते हेच आहे. याला अपवाद खासगी विद्यापीठांचा. तिथे ‘लिबरल आर्ट्स’च्या नावाखाली तीन-चार वर्षांच्या बी.ए.ला राहण्यासकट काही लाखांपासून चाळीस लाखांपर्यंत, कधी त्याहूनही जास्त लागतात. ज्यांना खिशातून जमतं त्यांनी खुशाल जावं, शिकवतात चांगलं. शेत गहाण टाकून जाण्यासारखं त्यात काही नाही.

मग आपल्याकडच्या इतिहासाच्या विद्यार्थ्यावर कर्ज नाहीच का? आहे, आणि ते पदवीनंतर चढतं. ते बँकेच्या पासबुकात दिसत नाही म्हणून कोणी मोजत नाही.

पहिली वाट स्पर्धा परीक्षेची. पुण्यात सदाशिव पेठेतला हिशेब घ्या. एका खोलीत चौघे-पाचजण, ‘कॉट बेसिस’वर. कॉटचे चार-पाच हजार, मेसचे तीन-साडेतीन हजार, अभ्यासिकेचे हजार-दीड हजार, वर चहा, झेरॉक्स, टेस्ट सिरीज, गावाला जाण्यायेण्याची एसटी. क्लास वेगळा. महिन्याला बारा हजार धरले, तर पाच वर्षांत सात लाख वीस हजार. म्हणजे बिनतारण शिक्षणकर्जाच्या मर्यादेजवळची रक्कम, फक्त ती बापाने कापसाच्या पट्टीतून किंवा सोसायटीच्या पीककर्जातून पाठवलेली. आणि पद मिळण्याची शक्यता? २०२४ च्या नागरी सेवा परीक्षेला ९ लाख ९२ हजारांवर अर्ज आले, पूर्वपरीक्षेला ५ लाख ८३ हजार बसले आणि निवड झाली १,००९ जणांची. हजार परीक्षार्थींमागे दोनसुद्धा नाहीत. राज्यसेवेची परीक्षा वेळेवर होईल याची खात्री नसते. पद्धत वर्णनात्मक करायची की बहुपर्यायीच ठेवायची यावरून २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि नवी पद्धत २०२५ पर्यंत पुढे गेली. खुल्या गटाला राज्यसेवेसाठी वयाची अट ३८ असल्याने थांबायला कुणी सांगत नाही. इतिहासाच्या पदवीधराला तर वाटतं की अभ्यासक्रमात आपला विषय आहे, आपण निम्मी लढाई जिंकलो. सामान्य अध्ययनात इतिहास असतो हे खरं, पण अभियंते आणि डॉक्टरही तोच इतिहास दीड वर्षात पाठ करून येतात.

दुसरी वाट प्राध्यापकीची. नेट किंवा सेट उत्तीर्ण होऊन ‘पात्रताधारक’ म्हणून बसलेल्यांची रांग प्रत्येक जिल्ह्यात आहे. भरती थांबते, सुरू होते, पुन्हा वित्त विभागात नाहीतर न्यायालयात अडकते. तोवर सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्व. तासाला हजाराच्या आसपास किंवा त्याहून कमी, आठवड्याला ठरावीकच तासिका, आणि घेतलेल्या तासांचेच पैसे. दिवाळी आणि उन्हाळा कोरडा. बिल मंजूर होऊन हातात पडायला कधी सेमिस्टर उलटतं. पक्क्या जागेसाठी संस्थेला ‘देणगी’ द्यावी लागते, हे उघड गुपित आहे, आणि ती देणगी देण्यासाठी जमीन विकलेली घरं मराठवाड्यात-विदर्भात शोधायला लागत नाहीत. हे इतिहासाचं सर्वांत महाग कर्ज, आणि त्याला कुठली बँक मुदत देत नाही की प्राप्तिकरात सूट मिळत नाही. संशोधनाला मिळणारी छात्रवृत्ती हा खरा दिलासा: कनिष्ठ संशोधकाला २०२३ पासून महिन्याला ३७ हजार मिळतात. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या छात्रवृत्त्यांनी गेल्या काही वर्षांत अशा घरांतून संशोधक आणले, ज्या घरांतून पूर्वी कधी कोणी पुराभिलेखागाराची पायरी चढलं नव्हतं. पैसे वेळेवर यावेत म्हणून त्यांना उपोषणाला बसावं लागतं, ती वेगळी तक्रार.

शाळेची वाट या दोन्हींपेक्षा खरी. बी.ए., मग दोन वर्षांचं बी.एड., टीईटी आणि टेट या परीक्षा आणि भरतीचं पवित्र पोर्टल. माध्यमिकला शिक्षणसेवकाचं मानधन जानेवारी २०२३ पासून १८ हजार, पूर्वी ८ हजार होतं. तीन वर्षांनी पूर्ण वेतन. थोडं आहे, पण काय मिळणार हे आधी कळतं. ज्याला गावाजवळ राहून इतिहास शिकवायचा आहे आणि कर्ज नको आहे, त्याच्यासाठी हा हिशेब आजही बसतो. अडचण एकच, भरतीची जाहिरात कधी येईल ते कुणालाच ठाऊक नसतं.

या तीन ठरलेल्या वाटांच्या पलीकडे आपल्याकडे कोणी बघत नाही, आणि तिथेच थोडंफार घडतं आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि तहसीलदारांना एकदम कळलं की आपल्या अभिलेख कक्षातले कागद आपल्यालाच वाचता येत नाहीत. गाव नमुना चौदा, कोतवाल बुक, शेतवार पत्रक, खासरा पत्रक, निम्मंअर्धं मोडी लिपीत. मोडी वाचणं म्हणजे काय, ते एक पान समोर घेतल्याशिवाय कळत नाही. आधी पानभर आडव्या रेघा मारलेल्या. मग त्यांना लगटून अक्षरं, लेखणी न उचलता, दोन शब्दांत जागा न सोडता. काही अक्षरं जवळजवळ सारखी, ऱ्हस्व-दीर्घ नाहीच. मराठवाड्यात निजामाच्या काळातले कागद उर्दूत आणि साल फसली, ते इसवी सनात आणायचं. त्या वर्षी मोडी वाचणाऱ्यांना जिल्ह्याजिल्ह्यांत बोलावणी आली आणि मानधन मिळालं. जमिनीचे दावे, जात पडताळणी, देवस्थानांच्या इनामांची भांडणं यांत हे काम बारमाही असतं. तीन वर्षांच्या बी.ए.त मात्र मोडीचा एक तास न होता विद्यार्थी बाहेर पडू शकतो. पुराभिलेख संचालनालय अधूनमधून मोडीचे वर्ग भरवतं, फीही किरकोळ. कमाईची भाषा बोलणाऱ्या विद्यापीठांना हे एवढं जवळचं दिसू नये, याचं नवल वाटतं.

किल्ल्यांचंही तसंच. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं, त्यातले अकरा महाराष्ट्रात. अभ्यासू वाटाड्या, संग्रहालयातला माणूस, माहितीपटासाठी संशोधन करणारा, पाठ्यपुस्तकांचा संपादक अशी कामं वाढतील. त्यात गडगंज कोणी होणार नाही. पण ज्याच्यावर कर्ज नाही तो अशी कामं पत्करू शकतो आणि त्यात तरबेज होऊ शकतो. हप्ता असलेल्या माणसाला पंधरा हजारांची आवडती नोकरी परवडत नाही. तो दुसऱ्याच दिवशी कॉल सेंटर शोधतो.

आणि आपला इतिहास लिहिला कोणी, तेही पाहावं. वासुदेवशास्त्री खरे मिरजेला शाळामास्तर होते. गोविंद सखाराम सरदेसाई बडोद्याच्या राजकुमारांना शिकवत रियासत लिहीत होते. सेतुमाधवराव पगडी सरकारी अधिकारी. दामोदर कोसंबी तर गणिती, पगार गणिताचा. पोटाची सोय एकीकडे आणि इतिहास दुसरीकडे, ही मराठीतली जुनीच रीत. तिचं उदात्तीकरण मला करायचं नाही. पोटाची सोय नसलेल्या कितीजणांच्या हातून काहीच लिहून झालं नाही, ते आपल्याला कधी कळणारही नाही. पण त्या रीतीची स्वस्त आवृत्ती आज सहज मिळते. नाशिकचं मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू, यांतून नोकरी करता करता इतिहासात बी.ए.-एम.ए. होता येतं, आणि नेट-सेटला ती पदवी चालते. बँकेत, पोस्टात, महसूल खात्यात असलेली माणसं अशी एम.ए. होतात. ज्याला विषय आवडतो आणि घरची जबाबदारीही आहे, त्याने ही वाट पहिल्यांदा बघावी, शेवटी नव्हे.

माझ्या विचाराने, पदवीपर्यंत इतिहासासाठी कर्ज काढू नये. अनुदानित महाविद्यालयात त्याची गरज नाही, आणि जिथे गरज पडते तिथे बहुधा फी शिक्षणाची नसून इमारतीची असते. देशातल्या नामांकित संस्थेत एम.ए. करायला साडेसात लाखांपर्यंत कर्ज लागलं तर विचार करावा. १० टक्क्यांनी, दहा वर्षांत, हप्ता ९,९०० च्या आसपास येतो आणि शाळामास्तराला तो झेपतो. त्यापुढची रक्कम शिष्यवृत्तीशिवाय नको. स्पर्धा परीक्षेला बसायचं तर आधीच तारीख ठरवून, आईवडिलांसमोर सांगून बसावं: अमुक वर्षापर्यंत, नंतर नाही. ‘अजून एक अटेम्प्ट’ या शब्दांनी जितकी घरं पोखरली तितकी शिक्षणकर्जानेही नसतील. आणि संस्थेने देणगी मागितली तर तो विषय तिथेच सोडावा.

एवढं ठरवायलाही माहिती लागते, आणि इथे आपण अमेरिका-इंग्लंडच्या कितीतरी मागे आहोत. तिथे विषयवार कमाई सरकार जाहीर करतं. आपली विद्यापीठं गुणपत्रिका देतात आणि विद्यार्थ्याला विसरतात. तरी अगदीच अंधार नाही. नॅककडून मानांकन घेतलेल्या प्रत्येक महाविद्यालयाला दरवर्षी एक्यूएआर नावाचा अहवाल भरावा लागतो आणि तो स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावा लागतो. त्यातल्या पाचव्या निकषात ५.२ या क्रमांकाखाली किती विद्यार्थी नोकरीला लागले आणि किती पुढे शिकायला गेले, याची माहिती असते. प्रवेश अर्ज भरण्याआधी ती काढून बघा. इतिहास विभागाची नावं त्यात किती आहेत ते मोजा. एकही नसेल, किंवा अहवालच उघडत नसेल, तर प्राचार्यांना जाऊन विचारा. फी भरणाऱ्याला तो अधिकार आहे.